लाडवांच्या डब्यातल्या गोळ्या

घरात झुरळ निघालं तरी ह्यांनी कधी चप्पल उचलली नाही. कागदावर घेऊन ते गॅलरीतून अलगद खाली सोडायचे, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या बाईंना ते आयतं मिळायचं. असा माणूस बहारीनमध्ये शिकारीच्या गोळ्यांचा जाणकार झाला, आणि माझ्या डोळ्यांदेखत झाला.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मनामात सूकच्या, म्हणजे तिथल्या बाजाराच्या, मागे आमच्या दोन खोल्या होत्या. हे एका वर्कशॉपात इंजिनियर. साहेब इंग्रज, राहायला अदलिया भागातल्या व्हिलात. तो वर्षातून एकदा आफ्रिकेत जाऊन हरणं मारायचा आणि उरलेलं वर्ष त्याची तयारी करायचा. तयार काडतुसं विकत घेणं त्याला कमीपणाचं वाटे. वापरलेली काडतुसं तो गॅरेजमध्ये बसून स्वतः पुन्हा भरायचा. त्यांच्या टोकाला बसवायची गोळी नुसती बरी की लेप दिलेली बरी, एवढा एकच प्रश्न त्याला आयुष्यात उरला होता. इतकं सुख परमेश्वर कुणाकुणालाच देतो.

त्याच हिवाळ्यात पुण्याहून आईचं पत्र आलं. धाकट्या बहिणीचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. वडील गेलेले, आम्हाला भाऊ नाही. कन्यादान मी आणि ह्यांनी करायचं, जोडप्याने, म्हणून जावयांना आत्ताच रजा मागायला सांग, असं आईने लिहिलं होतं. खाली बहिणीने दोन ओळी खरडल्या होत्या, "भावोजी आले नाहीत तर मी बोहल्यावर चढायचीच नाही."

पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. हे म्हणाले, "मागतो ना. जरा साहेबांचा मूड बघून मागतो."

मूड बघणं हेच ह्यांचं खरं शिक्षण. इंजिनियरिंगची पदवी वरकड.

मूड चांगला व्हावा म्हणून ह्यांनी साहेबाला एक युक्ती सुचवली. यंत्रांच्या बेअरिंगला लावायची एक काळी पूड वर्कशॉपात होती. तिचा लेप दिला तर गोळी नळीतून गुळगुळीत जाईल आणि नळीही कमी खराब होईल, असं ह्यांचं म्हणणं. साहेब खूश झाला. दुसऱ्या दिवशी माझा लाडवांचा स्टीलचा डबा फडताळातून नाहीसा झाला. बघते तर हे जमिनीवर मांडी घालून बसलेले, आणि डबा पुढे-मागे लोळवतायत. आतून खडखडाट.

"अहो, हे काय चाललंय?"

"अगं, नुसत्या गोळ्या आहेत, पूड चढवतोय. दारू नाही त्यांच्यात."

"आणि मी लाडू कशात ठेवू?"

"दुसरा डबा घे. रजेचं काम आहे हे."

रजेचं काम म्हटल्यावर मी दुसरा डबा काढला. पुढे कितीतरी आठवडे आमच्या घरातले टॉवेल, दारांच्या कड्या आणि ह्यांची नखं काळी होती.

दर शुक्रवारी दोघे दक्षिणेच्या वाळवंटात, परवानगीच्या जागी जाऊन दोन्ही प्रकारच्या गोळ्या झाडून पाहायचे आणि येताना भोकं पडलेले कागद घेऊन आमच्याकडे चहाला यायचे. मी बटाटेवडे तळायचे. टेबलावर कागद पसरले जायचे. मला दोन्ही कागद सारखेच फाटके दिसत, पण त्यांची चर्चा बघाल तर पत्रिका जुळवायला बसल्यासारखी. लेपाने नळी स्वच्छ राहते, असं साहेब म्हणाला की हे मान डोलवायचे. पुढच्या शुक्रवारी साहेब म्हणायचा, लेपाच्या पहिल्या काही गोळ्या भलतीकडेच जातात, त्यापेक्षा नुसती बरी. हे त्यालाही मान डोलवायचे. मान तीच, आणि डोलणंही तेच. हरणाला कुठली आवडेल, हे कोणी विचारलं नाही.

साहेब गेला की मी विचारायची, "रजेचं काय झालं?"

"अर्ज दिलाय गं, सहीचं आज नको. आज नेम चुकलाय, वैतागलेत."

पुढच्या खेपेला, "आज नको. आज नेम लागलाय, आनंदात आहेत. कशाला विरजण घालायचं?"

मार्च उलटला. तिकडे आईने पत्रिका छापल्या. इकडे एका शुक्रवारी साहेबाने तिसरा वडा उचलला आणि गमतीने मला विचारलं, "मॅडम, व्हॉट डू यू थिंक? कोटेड ऑर अनकोटेड?"

मी शाळेतलं होतं नव्हतं ते इंग्रजी गोळा केलं आणि म्हटलं, गोळ्यांचं मला काही कळत नाही, पण मे महिन्यात माझ्या बहिणीचं लग्न आहे, आणि ह्यांच्या रजेचा अर्ज हिवाळ्यापासून तुमच्याकडे पडलाय, तेवढी सही करा.

साहेबाने ह्यांच्याकडे पाहिलं. "व्हॉट लीव्ह?"

अर्ज दिलाच नव्हता. तो ह्यांच्या खिशात होता, घडीवर घडी घालून मऊ झालेला.

साहेबाला खरंच वाईट वाटलं. मे महिन्यात कोणाला रजा हवी का, असं त्याने सगळ्यांना विचारलं होतं म्हणे. कोणी बोललं नाही म्हणून त्याने स्वतःची आफ्रिकेची तिकिटं काढली. आता दोघांनी एकदम जाणं शक्य नव्हतं, वर्कशॉप ह्यांनीच सांभाळायचं होतं. "यू शुड हॅव आस्क्ड मी, मॅन," तो म्हणाला. त्याचं एवढं एकच मत मला तिथल्या तिथे पटलं.

तो गेल्यावर मी डबा ह्यांच्यासमोर आदळला. "दोन शब्द होते हो! रजा पाहिजे. त्यांना किती लेप देत बसला होतात?"

"चिडतील असं वाटलं गं," हे म्हणाले.

मी एकटीच गेले. ज्या काकांनी वडिलांच्या आजारपणात आमचा उंबरा ओलांडला नव्हता, ते नवा कोट घालून काकूंसह कन्यादानाला बसले. मी अक्षता घेऊन बायकांत उभी. बहिणीने मान वळवून मला शोधलं, आणि मी पदराने तोंड झाकून घेतलं. इतकी चीड आणि इतकं रडू मला एकत्र कधी आलं नव्हतं.

परत आले तेव्हा हे गाडी घेऊन विमानतळावर आले होते. साहेबही आफ्रिकेहून परतला होता, मोठं हरीण मिळालं होतं म्हणे.

"लेपाच्या गोळीने?" मी विचारलं.

"नाही. शेवटी नुसत्याच नेल्या त्यांनी." मग खुशीत, "पण साहेब म्हणालेत, पुढच्या मे महिन्यात माझी रजा नक्की."

"पुढच्या मे महिन्यात कोणाचं कन्यादान करायचंय?"

ह्यांनी रस्त्यावरची नजर न हलवता, सवयीने मान डोलावली.