आईच्या काखेतली पिशवी

दिल्लीला जायचं ठरलं तेव्हापासूनच मला माझ्या धाकट्या भावाचा संशय येत होता. धानाची मळणी चालू असताना बाबा गेले. माघ संपत आला, आणि आठवड्यातून एकदा येणारा भावाचा फोन रोज यायला लागला. "ताई, आईला घेऊन ये ना. शनिवार-रविवार दिल्ली पाहू. रविवारी संध्याकाळी गाडीत बसवून देतो." जायची तिकिटं त्यानंच पाठवली. परतीची विचारली तर म्हणाला, "आहेत ना माझ्याकडे, इथं आल्यावर देतो." बाबा असताना तो आम्हाला बोलावत नव्हता असं नाही, पण इतक्या गोड आवाजात कधी बोलावलं नव्हतं. त्याला आईला तिथंच ठेवून घ्यायचं आहे, हे मी मनाशी पक्कं धरलं.

आरमोरीच्या घरात आता आम्ही दोघीच होतो. मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. संध्याकाळी आले की हातपाय धुऊन पुस्तक उघडायचं, ही माझी जुनी सवय. बाबा गेल्यावर ती वाढली. घर इतकं शांत झालं होतं की शेजारच्या टीव्हीवरच्या बातम्या आमच्या स्वयंपाकघरात स्वच्छ ऐकू यायच्या. ही शांतता आईला बरी वाटते, असं मी समजत होते. आता आईही गेली तर त्या घरात मी एकटी काय करणार, हा विचार मी पुरा होऊ देत नव्हते.

निघायच्या दिवशी शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. "काऊन वं बाई, किल्ली नाई देत का? देवाले दिवा कोन लावन?"

"राहू दे," आई म्हणाली. "दोन दिवसानं देव काही उपाशी मरत नाई."

मला ते खटकलं. नागपूरला लग्नाला जायचं असलं तरी आई आधी दिव्याची सोय करायची. पण दुःखात माणूस बदलतं, असं म्हणून मी कुलूप लावलं.

तिच्या काखेत चेनची काळी पिशवी होती. एसटीत ती मांडीवर, रेल्वेत झोपताना पोटावर. "दे, वर ठेवते," म्हटलं तर तिनं ती आणखी आवळून धरली. शेताचे कागद असणार, मी ताडलं. भावानं आणायला सांगितले असणार.

भावानं स्टेशनवर मित्राची गाडी आणली होती. घरी पोचलो तर एका लहान खोलीत नवा पडदा, आणि आईला चढायला सोपी पडेल अशी बुटकी खाट. सहा वर्षांची भाची उड्या मारत म्हणाली, "ये दादी का कमरा है!" भावजयीनं तिला लगेच पाणी आणायला पिटाळलं. मी भावाकडे पाहिलं. तो मोबाइल पाहू लागला.

दुपारी गाडीनंच दिल्ली दाखवली. राष्ट्रपती भवन लांबूनच पाहिलं. आई बराच वेळ काचेला कपाळ लावून बसली होती.

"एवढ्या घराले झाडते कोन?"

"माणसं असतात, आई."

"अन् त्याईचं घर कोन झाडते?"

भाऊ खदखदून हसला. इतक्या दिवसांत आई असं काही बोललेलं मी ऐकलं नव्हतं. पण त्याचं हसणंही मला ठरवून केल्यासारखं वाटलं. इंडिया गेटपाशी भाचीनं आजीकडून दोन फुगे उकळले. आणि घरी परतल्यावर आईनं समोरच्या दारातल्या बाईंना विचारलं, "इधर नल कवा आता है?" दोन दिवसांच्या पाहुणीला नळाची वेळ कशाला हवी? हेही भावानं पढवलंय, असं मला वाटलं.

रविवारी लाल किल्ला. भाचीला मेट्रोतूनच जायचं होतं. "आई, पिशवी घरी ठेव," मी म्हटलं. तिनं ऐकलं नाही. मेट्रोच्या तपासणीत पिशवी यंत्रात घालावी लागली, आणि पट्टा थांबला.

"ये बैग किसका है? खोलिए."

"हात मत लगाव!" आई पुढे झाली. "आंघोळ किया क्या तुमने?"

तो शिपाई गोंधळला. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. आईनं स्वतःच चेन उघडली. आत बाबांचा धुतलेला दुपट्टा होता, आणि दुपट्ट्यात आमचे देव. कुलदेवतेचा टाक, बाळकृष्ण, घंटा, अन्नपूर्णा. शिपायानं दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "जाइए, माताजी."

दोन दिवसांसाठी कोणी घरचे देव उचलून आणत नाही. हे भावानं पढवलेलं नव्हतं. ते आईनं एकटीनं, मी महाविद्यालयात असताना, देव्हाऱ्यातून काढून दुपट्ट्यात बांधले होते.

किल्ल्यातल्या हिरवळीवर आम्ही दोघी बसलो. भाऊ मुलीला घेऊन पुढे गेला. मुद्दामच गेला असावा.

"त्याच्यावर नको चिडू," आई म्हणाली. "मीच त्याले म्हटलं, मले घेऊन जा. तुले नको सांगू असंबी मीच म्हटलं."

"का पण?"

"तुले सांगतलं असतं तं तू मले निघूच देलं नसतं." मग पिशवीचा बंद सारखा करत, "तू पुस्तक धरून बसते. मले भिताड दिसते. तुहे बाबा होते तं भांडाले तरी कोनी होतं."

मी गप्प राहिले.

"हे पाह्य, आताबी नाई बोलत," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"आणि घरचा देव्हारा? तो रिकामाच ठेवायचा?" मी विचारलं. तिनं पिशवी आणखी जवळ ओढली.

संध्याकाळी स्टेशनच्या दाराशी भावानं माझं एकटीचं तिकीट मोबाइलवर पाठवलं. "ताई, रागावली का?" "नाही," मी म्हटलं. ते पूर्ण खरं नव्हतं, आणि त्यालाही ते कळलं.

मग आईनं काखेतली पिशवी काढून माझ्या काखेत दिली.

"ने यांले घरी. उद्या इथी मांडाचे होते, पण हे तुह्या बाबाच्या घरचे. यांले इथचं पानी नाई मानवनार. मी माही अन्नपूर्णा ठेवून घेतली. ते माहेरची होती."

"म्हणजे तू राहतेस."

"रोज दिवा लावजो. अन् लावतानी दोन शब्द बोलत जाजो त्यांच्यासंगं. सुरू तं कर."

भाची तिच्या पदराला ओढत होती. मी आत शिरले आणि पिशवी पट्ट्यावर ठेवली. दोन दिवस मी कोणाचंच खरं मानलं नव्हतं, त्या क्षणीही मानलं नाही. वाकून तपासणी यंत्राच्या पडद्यावर पाहिलं. टाक होता, घंटा होती, रांगता बाळकृष्ण होता. मांडीवर पळी घेऊन बसलेली ती छोटी आकृती कुठंच नव्हती.

"मैडम, क्या है इसमें?"

माझ्यामागे माणसं खोळंबली होती. एरवी मी नुसती चेन उघडून दाखवली असती.

"घर के देव हैं," मी म्हटलं. "आरमोरी के. दो दिन दिल्ली घूमने आए थे."