गाळलेले शेवटचे कडवे

वणीच्या कचेरीसमोर बसून मी लोकांचे अर्ज लिहून देत असे. छप्पन सालानंतर आमच्या भागातील अनेक घरांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि वस्त्यांमधून नवी गाणी ऐकू येऊ लागली. ती रचणारा एक जण माझ्या खोलीमागेच राहत असे. दिवसा तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचली आणि रविवारी विहाराच्या ओट्यावर एकतारी घेऊन बसे. ध्रुपदावर परतण्यापूर्वी तो एक ठोका रिकामा सोडी. तेवढ्यात ऐकणाऱ्याचा श्वास थांबे. पत्नी गेल्यापासून कामाखेरीज माझ्याशी कोणी बोलत नसे. तो एक ठोका मला आठवडाभर पुरे.

गाणे ज्याचे, त्याचे नाव शेवटच्या कडव्यात गुंफायचे, ही आमच्याकडची रीत. एका जत्रेत मला गाण्यांची छापील पुस्तिका दिसली. तिच्यात त्याचे गाणे होते. शेवटचे कडवे मात्र नव्हते. त्या जागी केशतेलाची जाहिरात होती.

"गाणं छापलं तं छापलं, बाबूजी," तो म्हणाला. "पण माह्यं नाव काहून कापलं?"

स्वामित्वहक्काचा नवा कायदा नुकताच लागू झाला होता. तो कलमागून कलम वाचून मी प्रकाशकास नोटीस धाडली आणि गाणाऱ्याला बजावले, "निकाल लागेपर्यंत हे गाणे कोठेही गाऊ नका. तुम्ही चारचौघांत गात राहिलात, तर ते म्हणतील की गाणे सर्वांचेच आहे."

"मंग तवरोक ठेवू कुठी? कोठीत, ज्वारीसंगं?"

मी हसलो नाही. त्याने माझे ऐकले.

प्रकाशकाचे उत्तर एका कार्डावर आले: पानावर जागा नव्हती. त्यावर मी दोन वर्षे पत्रे लिहिली. सौम्य भाषेचे एकही नव्हते. ओट्यावर एकतारी हळूहळू येईनाशी झाली. ते माझ्या ध्यानात आले, पण मी पत्रांत गुंतलो होतो.

अखेर नवी आवृत्ती निघाली. कडवे होते, नाव होते. पुस्तिका घेऊन मी त्याच्या दारी गेलो, तेव्हा समोरच्या घरी बारसे चालू होते आणि बाया तेच गाणे म्हणत होत्या. शेवटचे कडवे नाही. रिकामा ठोकाही नाही.

त्याने पान पाहिले आणि पुस्तिका मिटली.

"मागं एका लग्नात राहवलं नाही, म्हणलं म्या हे कडवं. लोक म्हणे, हे नवीन काहून जोडलं? राहू द्या, बाबूजी. आता माह्यं नाव कागदावर नका टाकू."

कायदा मी बरोबर वाचला होता. गाणे गायले तरच गाणाऱ्याजवळ राहते, हे त्यात कोठेच नव्हते, आणि मलाही सुचले नाही.

म्हणून येथेही त्याचे नाव लिहिलेले नाही. संध्याकाळी खोलीत मी ते कडवे नावासकट म्हणतो. ठोका सोडून पाहतो. माझा श्वास थांबत नाही.