वापर: घरगुती

वॉशिंग मशीन उघडायला पानाबाईंना सात मिनिटं लागायची. आधी वरचं झाकण, मग मागचा पत्रा. स्क्रू काढले त्याच क्रमाने साबणाच्या एका जुन्या डबीत. एकवीस वर्षं त्या एकाच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात मेकॅनिक होत्या. त्यांच्या पिशवीतला दहा नंबरचा पाना इतका झिजला होता की त्यावरचा आकडा आता त्यांनाच तेवढा वाचता यायचा. त्या पान्यावरूनच नाव पडलं. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं.

सुरुवातीच्या वर्षांत दार उघडणारा माणूस त्यांच्या खांद्यावरून मागे बघायचा आणि मेकॅनिक कुठं आहे म्हणून विचारायचा. पानाबाई त्याच्या हातात पिशवी द्यायच्या आणि आत शिरायच्या. मशीन सुरू झाली की तोच माणूस चहा विचारायचा. चहा त्या घेत नसत. काम झालं की काय बिघडलं होतं, का बिघडलं, पुढं काय सांभाळायचं हे समजावून सांगत आणि सगळं कार्बन लावून कागदावर उतरवत. एक प्रत गिऱ्हाइकाला, एक स्वतःला. कंपनीने दोन वर्षांपूर्वी सगळ्यांना टॅबलेट दिले तेव्हा बाकीच्यांनी वह्या टाकून दिल्या. पानाबाईंनी टाकल्या नाहीत. टॅबलेटची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

दुकानात नवीन वस्तूबरोबर जी जादा वॉरंटी गळ्यात मारतात, तिच्याबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. शेजारीपाजारी कुणी विचारलं तर त्या सांगत, की मशीनचं माणसासारखंच असतं. तान्ह्या बाळाला डॉक्टर लागतो आणि म्हाताऱ्याला लागतो. बनवण्यातला दोष असेल तर पहिल्या काही महिन्यांतच वर येतो, आणि तेव्हा कंपनीची स्वतःची वॉरंटी असतेच. झीज व्हायची ती सात-आठ वर्षांनी. ही जादा वॉरंटी मधल्या, धडधाकट वर्षांची. म्हणजे ऊन पडलेलं असताना भाड्याने घेतलेली छत्री. गरज नाही, पण एखाद्याला हातात छत्री असली की बरं वाटतं, तर घेऊ दे बापडा. निदान वेळ आली तर ती उघडेल, असं त्यांना तेव्हा वाटत होतं.

मग एका मंगळवारी त्यांना शाळेची बस चालवणाऱ्या एका माणसाच्या घरी पाठवलं. दुसरा मजला, दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत उजेड चांगला, म्हणून तिथं त्याच्या आईची खाट. तीन वर्षांपूर्वी म्हातारीची एक बाजू लुळी पडली होती. तोंड मात्र शाबूत होतं आणि नजर तर पानाबाईंपेक्षाही तीक्ष्ण. दारांवर, खुर्च्यांच्या पाठींवर, खिडकीच्या गजांवर ओल्या चादरी टाकलेल्या होत्या. मुलाच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. पहाटेची फेरी आणि दुपारची फेरी यांच्या मधल्या वेळात तो घरी येऊन चादरी धूत होता, हाताने, बादलीत, गेले नऊ दिवस.

मशीन अडीच वर्षांची. पानाबाईंनी उघडली, ड्रम हाताने फिरवला, कान लावला, मग बोर्ड बाहेर काढून खिडकीशी नेला. बोर्डावरचा नखाएवढा एक रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच, जळून काळा पडला होता. बाकी सगळं ठणठणीत. मुलाने जादा वॉरंटीचा कागद फायलीतून काढून पुढं धरला. दुकानात त्याने विक्रेत्याला स्पष्ट सांगितलं होतं, की आई अंथरुणाला खिळलेली आहे, मशीन दिवसातून चार-चार वेळा चालेल. त्यावर विक्रेता म्हणाला होता, मग तर साहेब, तुम्ही ही वॉरंटी घ्यायलाच हवी. मशीनच्या किमतीच्या सहाव्या हिश्श्याइतके पैसे त्याने त्यासाठी वेगळे मोजले होते.

पानाबाई झाकण लावत असताना खाटेवरून म्हातारीने हाक मारली.

"बाई, माझ्यामुळं गेली का हो मशीन?"

"नाही आई. मशीन तिच्या कर्माने गेली. तुमचा काही संबंध नाही."

म्हातारीचा चेहरा सैल झाला. पानाबाईंनी टॅबलेटवर रकाने भरले. बिघाड: कंट्रोल बोर्ड. बेअरिंग: उत्तम. वापर: घरगुती. खाली शेऱ्यात लिहिलं, की घरात रुग्ण आहे, दुरुस्ती तातडीने व्हावी. सही केली. तेच कार्बनवर उतरवलं, एक प्रत मुलाला दिली आणि चार दिवसांत बोर्ड येईल असं सांगून त्या निघाल्या.

अकराव्या दिवशी तो सर्व्हिस सेंटरात आला. पिवळी बस बाहेर उभी होती, दुपारच्या फेरीला अर्धा तास होता. त्याने आवाज चढवला नाही. एक पत्र काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "ताई, तुम्ही घरात येऊन बघितलंत, आईशी बोललात. मला घरगुती म्हणून लिहून दिलंत आणि इथं हे लिहिलंत?"

पत्रात लिहिलं होतं, की तंत्रज्ञाच्या तपासणी अहवालानुसार मशीनचा वापर व्यावसायिक स्वरूपाचा आढळल्यामुळे दावा फेटाळण्यात येत आहे. सोबत अहवालाची छापील प्रत. वापर या रकान्यापुढे व्यावसायिक. रुग्णाबद्दलचा शेरा गायब. आणि तळाशी पानाबाईंची सही, तीच, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली.

पानाबाईंनी दोनदा वाचलं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्या माणसासमोर त्यांना एवढंच म्हणता आलं, की हे मी लिहिलेलं नाही. त्याने मान हलवली. विश्वास बसल्यासारखी ती हलली नव्हती. फेरीची वेळ झाली म्हणून तो निघून गेला.

पत्र घेऊन त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब वयाने त्यांच्यापेक्षा लहान, एरवी सज्जन. त्यांनी खुर्ची दिली आणि समजावणीच्या सुरात सगळं सांगून टाकलं. ही वॉरंटी मुळात आपल्या कंपनीची नाहीच, ती विकणारे दुसरेच लोक आहेत. आपण फक्त तपासणी करून अहवाल पाठवतो, त्याचे ते आपल्याला पैसे देतात. बोर्डाच्या आत धुण्यांची मोजणी होत असते. या मशीनने अडीच वर्षांत साडेतीन हजारांवर धुणी काढली होती. आकडा ठरावीक मर्यादेच्या पुढं गेला की सिस्टीम आपोआप तो रकाना बदलते आणि शेरा गाळते. यात कुणा माणसाचा हात नाही.

"मग सिस्टीमची सही घ्या," पानाबाई म्हणाल्या. "माझी कशाला घेता?"

साहेबांनी उसासा टाकला आणि तुम्हाला पडलंय काय, असं विचारलं. निवृत्तीला सहा वर्षं राहिलेली. आजवर कुणी तक्रार केली नव्हती. लोक चार दिवस बडबडतात आणि गप्प बसतात.

पानाबाईंना खरा संताप आला तो इथं. बेअरिंग गेलं असतं तर वापर जास्त झाला म्हणायला जागा होती. बेअरिंग नव्यासारखं होतं. जळलेल्या रिलेचा धुण्यांच्या आकड्याशी काय संबंध? तो रिले बाजारात एका कप चहाच्या किमतीला मिळतो. त्यांनी तो अर्ध्या तासात बदलून दिला असता. पण आता मशीनला हात लावला की वॉरंटीवाले म्हणणार, बघा, परस्पर उघडली. म्हणजे ज्या बाईला दुरुस्ती येते तिने हाताची घडी घालून बसायचं, आणि ज्या मुलाने पैसे मोजले त्याने बादलीत चादरी पिळायच्या. वर त्या म्हातारीने झोपून विचार करायचा, की माझ्याच अंथरुणामुळं झालं.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याचं चौकात किल्ल्या बनवायचं छोटं दुकान होतं, आणि बोलण्याच्या बाबतीत तो स्वतःच एक बंद कुलूप होता. सगळं ऐकून त्याने एकच विचारलं, "सही तुझीच आहे ना?"

दुसऱ्या दिवशी पानाबाईंनी आपल्या घरची जुनी मशीन टेम्पोत घालून बस ड्रायव्हरच्या घरी पोचवली, नळी जोडून दिली आणि त्याला सांगितलं, की ग्राहक तक्रार कार्यालयात अर्ज कर, साक्षीला मी येते. नवऱ्याने त्या दिवसापासून आपले बनियन स्वतः धुवायला घेतले. ते पांढरे राहिले नाहीत, पण त्याने तक्रारही केली नाही.

तारीख चार महिन्यांनी लागली. लहानशी खोली, भिंतीशी फायलींचे गठ्ठे, टेबलामागे चष्मा कपाळावर चढवलेल्या एक अधिकारी बाई. वॉरंटी कंपनीचा वकील आकडा घेऊन आला होता आणि साडेतीन हजार, साडेतीन हजार असं घोकत होता. एवढी धुणी म्हणजे घरात लॉन्ड्री चालते हे उघड आहे, असं त्याचं म्हणणं. बस ड्रायव्हरने आईच्या डॉक्टरांचे कागद दिले. मग पानाबाईंना उभं केलं. वकिलाने विचारलं, तुम्ही पगार कुणाचा घेता? त्या म्हणाल्या, सर्व्हिस सेंटरचा घेते, आणि मशीन बघण्याचा घेते, न बघितलेलं लिहिण्याचा नाही. मग त्यांनी कार्बनची प्रत टेबलावर ठेवली आणि बेअरिंग कशाने झिजतं, रिले कशाने जळतो, हे अधिकारी बाईंना जसं गिऱ्हाइकाला सांगतात तसं सांगितलं.

अधिकारी बाईंनी चष्मा खाली घेतला. वॉरंटीच्या कागदात धुण्यांची मर्यादा कुठं लिहिली आहे, तेवढं दाखवा, असं त्या वकिलाला म्हणाल्या. चौदा पानं होती. वकिलाने ती पुढून चाळली, मग मागून चाळली, आणि पुढची तारीख मागितली.

पुढची तारीख आलीच नाही. त्याआधीच वॉरंटी कंपनीचा माणूस नवीन बोर्ड घेऊन ड्रायव्हरच्या घरी हजर झाला. मशीन सुरू झाली. सोबत पत्र होतं, की कंपनी कोणतीही चूक मान्य न करता केवळ सदिच्छेपोटी ही दुरुस्ती करून देत आहे. ड्रायव्हर खूश होता. त्याने तक्रार मागे घेतली. त्याला दोष कसा द्यायचा? त्याला धुतलेल्या चादरी हव्या होत्या, न्याय नव्हे.

पानाबाईंना मात्र तो शब्द गिळता येईना. सदिच्छा. आधी एखाद्याच्या तोंडाला पानं पुसायची, मग तो फारच ओरडला तर त्याच्याच पैशांतली वस्तू त्याला भेट दिल्यासारखी द्यायची. आणि बदललेल्या अहवालाखालच्या त्यांच्या सहीबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं. सर्व्हिस सेंटरने त्यांना घरोघरी पाठवणं बंद करून गोदामात सुट्या भागांना चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. दोन महिने त्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या. मग राजीनामा दिला. गोदामात बसून त्यांच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता, की आपल्या सहीचा हा एकच अहवाल थोडाच बदलला असेल.

घरी पलंगाखाली टॅबलेट आल्यापासूनच्या कार्बनच्या वह्या होत्या. जादा वॉरंटीवाल्या मशीनची पानं त्यांनी वेगळी काढली. एकतीस निघाली. पाना पिशवीत टाकून त्या एकेक पत्ता शोधत निघाल्या. काही घरं बदलली होती, काहींचे दावे नीट मंजूर झाले होते. अकरा घरांत तेच पत्र आणि तीच शेपटीची सही सापडली. एकीकडे टायपिंगचे वर्ग चालवणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या फ्रिजची वायर उंदराने कुरतडल्याचं अहवालात लिहिलं होतं, आणि पानाबाईंच्या प्रतीत उंदराचं नावही नव्हतं. त्या बाईंनी फ्रिज भंगारात देऊन नवा घेतला होता, आणि नव्यावर पुन्हा जादा वॉरंटी.

"अहो, पण का?" पानाबाईंनी विचारलं.

"भीती वाटते हो," बाई म्हणाल्या. "आणि गेलं ते जाऊ दे."

त्या 'जाऊ दे'ने पानाबाईंना वॉरंटीवाल्यांपेक्षाही जास्त चिडवलं. अकरापैकी सात घरांत त्यांना तेच ऐकायला मिळालं. सातही घरांत त्या बसल्या, पाणी प्यायल्या आणि सांगितलं, की तुम्ही जाऊ द्याल, पण खाली नाव माझं आहे, मी जाऊ देणार नाही. शेवटी पाच जणांनी अर्ज केले. दोघांना पैसे परत मिळाले, एकाचा अर्ज उशिरा आल्यामुळे बाद झाला, दोन अजून चालू आहेत. टायपिंगवाल्या बाईंनी केला नाही.

आता पानाबाई घरच्या पुढच्या खोलीत दुरुस्ती करतात. वस्तू घ्यायला निघालेले लोक आधी त्यांच्याकडे येतात आणि जादा वॉरंटी घेऊ का विचारतात. बहुतेकांना त्या नको म्हणतात. तेवढेच पैसे दर महिन्याला बाजूला टाका, मोडलं तर दुरुस्त करा, नाही मोडलं तर तुमचेच आहेत. नवा फोन घ्यायला निघालेल्या एका फिरत्या नर्सबाईंना मात्र त्यांनी घ्या म्हणून सांगितलं. त्यांचा फोन महिन्यातून दोनदा जिन्यावर पडायचा आणि त्यांनी दुकानातून आणलेल्या वॉरंटीच्या कागदात पडून फुटलेल्या काचेचा स्पष्ट उल्लेख होता. तो कागद पानाबाईंनी आधी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. नर्सबाई तासभर समोर बसून होत्या. फोन दोनदा वाजला, तो पानाबाईंनी उचलू दिला नाही. नवव्या पानावर काचेच्या त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारून त्या म्हणाल्या, "हे दुकानदाराकडून लेखी घ्या, आणि खाली त्याची सही."