कॉटखालची जागा

गेलेली माणसं स्वप्नात येतात ती काहीतरी सांगण्यासाठी, असं जाणती मंडळी म्हणतात. आयुष्यभर न सुटलेलं कोडं ती एका वाक्यात सोडवून जातात म्हणे. इंगोले आला तो झोपायला जागा आहे का, हे विचारायला.

शिवाय खरी होतात ती पहाटेची स्वप्नं. हे रविवारी दुपारी, मसालेभात आणि मठ्ठ्यानंतर पडलेलं आहे.

सकाळी आम्ही मुलीला, गौतमीला, तिच्या हॉस्टेलवर सोडून आलो. तिथलं दार अंगठा लावल्याशिवाय उघडत नाही. खोलीत दोन पलंग, दोन टेबलं आणि दोनच मुली. यात तिसरं माणूस कुठे मावेल याचा मी अंदाज घेत होतो, तेव्हा बायकोने विचारलं, काय शोधताय? काही नाही, म्हणालो. आता जेवून आडवा झालो आहे. पंखा फिरतो आहे. बायको आत फोनवर बहिणीला गौतमीच्या खोलीचं वर्णन ऐकवते आहे. तिचे शब्द हळूहळू एकमेकांत विरघळायला लागतात आणि पायथ्याशी इंगोले उभा असतो.

इंगोलेला जाऊन वर्ष झालं. बातमी कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. त्याच दिवशी कोणाचा तरी वाढदिवस होता, त्यामुळे जोडलेल्या हातांच्या मधूनमधून केकही येत होते.

वय मात्र त्याने अठराच ठेवलं आहे. तोच चौकडीचा शर्ट, वरच्या खिशात तोच कंगवा. माझ्याकडे आता कंगव्याचं काम उरलेलं नाही, तरी तो मला ओळखतो.

"काय रे कोकण," तो म्हणतो, "जागा हाय काय झोपायले?"

"तिकडे नाही?"

"तिथली लिस्ट लागाची हाय अजून. म्हटलं, तोवर तुह्याकडं पॅरासाइट राहतो."

पॅरासाइट हा शब्द आम्हाला जीवशास्त्राने नव्हे, हॉस्टेलने शिकवला. यादीत ज्याचं नाव नाही आणि तरी जो खोलीत राहतो, तो पॅरासाइट. पहिल्या वर्षी तो मी होतो. यादी लागली, माझं नाव नव्हतं, आणि मी चिपळूणहून आणलेल्या ट्रंकेवर बसून परतीच्या एसटीचा विचार करत होतो. वाशीमकडचा एक अनोळखी मुलगा आला, मला ट्रंकेवरून उठवलं, ट्रंक खांद्यावर घेतली आणि म्हणाला, चाल. ते वर्ष मी त्याच्या कॉटखाली काढलं. गादी मला, वर फळीवर सतरंजी टाकून तो. गादीने पाठ बिघडते, असं त्याचं म्हणणं. चादर एका बाजूने जमिनीपर्यंत सोडलेली असायची. जिन्यात रेक्टरांच्या चपला वाजल्या की तो दोनदा खोकायचा, मग मी श्वाससुद्धा काटकसरीने घ्यायचो. मेसमधून माझ्यासाठी तो पोळ्या कागदात गुंडाळून आणी. मेसवाल्याच्या मते इंगोले हा हॉस्टेलमधला सर्वांत खादाड मुलगा होता. तो वर्षअखेरीपर्यंत काडीसारखाच राहिला.

आता तो वाकून आमच्या पलंगाखाली बघतो आहे.

"खाली जागाच नाही काय?"

"बॉक्स आहे," मी म्हणतो.

"अंदर काय हाय?"

"सामान."

तो समजुतीने मान हलवतो. ती समजूत मला सहन होत नाही. थांब, म्हणत मी दार उघडतो. बाहेर आमच्या सोसायटीचा पॅसेज असायला हवा, पण आहे तो हॉस्टेलचा, ओल्या टॉवेलांच्या वासाचा. लिफ्टच्या जागी मेसची रांग. रांगेत गौतमी ताट घेऊन उभी आहे आणि आम्हाला ओळख देत नाही, जे तिच्या वयाला योग्यच आहे.

"पोरगी?" इंगोले विचारतो. "रुळली काय?"

"आजच आलीय."

"रुळते. तू रुळला होता, तर कोणीबी रुळते."

खोली तीच आहे. फक्त दारावर या वेळी नाव माझं आहे, घराला लावलेल्या पितळी पाटीवरचं, पदवीसकट. कॉट लोखंडी, खाली ऐसपैस जागा. इंगोले सरपटत आत शिरतो. मी चादर जमिनीपर्यंत ओढून सोडतो आणि वर बसतो. बसल्या जागी जे विचारायचं ते विचारतो. पोराच्या ॲडमिशनला तो आमच्या शहरात आला, दोन दिवस स्टँडजवळच्या लॉजवर राहिला आणि परत गेल्यावर मला फोन केला. का?

"लॉज चांगला होता," खालून आवाज येतो.

"घरी का नाही आलास?"

"तू म्हणे, ये कधीतरी. कधीतरी म्हणजे कोणता वार होते बे?"

"अरे, पण बोलावलं तर होतं."

"मी तुले बोलावलं होतं काय? ट्रंक उचलली होती."

आवाजात तक्रार नाही. एसटीची वेळ सांगावी तसं सांगतो.

जिन्यात चपला वाजतात. मला फक्त दोनदा खोकायचं आहे, बाकी काही नाही. मी तोंड उघडतो. खोकला येत नाही. लोकांच्या भाषणांत मी आयुष्यभर हवा तेव्हा खोकत आलो आहे. छाती दाबतो, घसा खरवडतो. चपला दाराशी थांबतात. दार उघडतं. रेक्टरांचा चेहरा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा आहे.

"खोलीत किती जण?"

"मी एकटाच," मी म्हणतो.

उत्तर बरोबर आहे. पॅरासाइटला वाचवायला हेच सांगायचं असतं. रेक्टर चादर उचलतात. खाली कोणी नाही. फरशी पुसून कोरडी झालेली आहे.

खोकतच जागा होतो. दोनदा, खणखणीत. बायको पाण्याचा पेला घेऊन येते, मसालेभात जरा तिखटच झाला होता म्हणते आणि थबकते.

"अहो, चादर कुठवर ओढलीत?"

चादर पलंगाच्या एका बाजूने थेट जमिनीला टेकली आहे. दुसऱ्या बाजूला नुसती गादी उघडी. ती वाकून चादर वर घेऊ लागते. मी म्हणतो, राहू दे. मग विचारतो, "या बॉक्समध्ये काय आहे गं?"

दोन गाद्या आहेत. घर घेतलं तेव्हा पाहुण्यांसाठी आणलेल्या. प्लास्टिक अजून काढलेलं नाही.