सुमनची तिसरी डबी

गेल्या महिन्यात एका सोमवारी हैदराबादच्या अंबरपेठहून सकाळची बस धरून मी गावी गेले, ते माझ्या धाकट्या जावेला थुंकायला शिकवायला. हसा खुशाल... चौऱ्याहत्तराव्या वर्षी मास्तरीण झाले. एक अक्षर येत नाही मला, हेसुद्धा मी सांगतेय आणि नात टाइप करतेय.

जाऊ म्हणजे सुमन. दोन महिने खोकला, संध्याकाळी बारीक ताप, आणि ब्लाउज दोनदा शिवून आत घेतलेले.

गावात उपकेंद्र आहे, पण टीबी तपासायचं मशीन नाही. ते तासाभरावरच्या मोठ्या दवाखान्यात. आपण डबीत बेडका द्यायचा, आशाताई लक्ष्मी ती थंड खोक्यात ठेवते, आणि मंगळवारी-शुक्रवारी गाडी येऊन घेऊन जाते. आली तर...

पहिल्या डबीच्या वेळी गाडी आलीच नाही, डबी उन्हाळ्यात खराब झाली. दुसरी पोचली, तर निरोप आला की ही नुसती लाळ आहे, यात तपासायचं काय. रिपोर्ट नाही म्हणून गोळ्या नाहीत, आणि सुमन वाळत चाललेली.

त्यात दिरांचा फोन. "वहिनी, तिला गुपचूप तुमच्याकडे आणतो. तिथे कोठी भागात कुणा डॉक्टरला दाखवू. इथे बोभाटा नको, धाकट्या लेकीची सोयरीक चाललीय."

म्हटलं, माझ्या घरी केव्हाही या, पण लपायला नको. तिने काय चोरी केलीय? टीबी निघाला तर महिनोनमहिने गोळ्या घ्यायच्या... तेवढे दिवस काय माझ्या माळ्यावर ठेवू तिला, लोणच्याच्या बरणीशेजारी?

म्हणून मीच गेले. संध्याकाळी लक्ष्मी तिसरी डबी घेऊन आली. घरी तेलुगू, आमच्याशी हैदराबादी. "अम्मा, थूक नक्को. छाती का बलगम होना. दो बार समझाई मैं, पन ये मुँह पो पल्लू रखको हौले से थूकते." बलगम म्हणजे छातीतला बेडका.

मी सुमनला म्हटलं, दाखव बघू कशी थुंकतेस. ती भिंतीकडे वळली, पदर तोंडाशी नेला आणि... काही ऐकूच आलं नाही. "अगं, मुंगीला सर्दी झाली तरी ती याहून जोरात शिंकेल," मी म्हटलं.

ती हसली नाही. हळूच म्हणाली, "अक्का, तुम्हीच शिकवलंत."

"मी?"

"लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात. मी मागच्या दारी खाकरले, तर तुम्ही म्हणालात, ओसरीवर मामंजी बसलेत, बाईमाणसाचा असा आवाज बाहेर जाऊ नये. गिळ. तेव्हापासून गिळतेच आहे."

मला आठवतही नव्हतं. मला माझ्या सासूने सांगितलं असणार, ते मी पुढे ढकललं... गरम पातेलं या हातातून त्या हातात द्यावं तसं.

मंगळवारी उजाडल्यावर काही न खाता, चूळ भरून, सुमन अंगणात उघड्यावर उभी राहिली. लक्ष्मीने मला दहा पावलं लांब उभं केलं. लांब श्वास घ्यायचा, थोडा धरायचा, मग पोटातून खोकायचं... सुमनला सगळं पाठ. पण आवाज काही निघेना.

मग मी कंबरेवर हात ठेवला आणि आधी मीच खाकरले. असं खाकरले की समोरच्या छपरावरची कबुतरं उडाली.

दीर घाईघाईने बाहेर आले. "वहिनी, शेजारी ऐकतात."

"ऐकू देत. भाऊजी, तुम्ही रोज पहाटे खाकरता तेव्हा गावातले कोंबडे आरवायचे थांबतात. तुम्हाला कुणी आत जायला सांगितलं का कधी?"

सुमनला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, आणि तो पदराबिदराने थांबणारा नव्हता. थेट तळातून आला. तिने डबी तोंडाशी धरली.

लक्ष्मीने झाकण घट्ट लावलं आणि उजेडात धरून पाहिलं. "हौ, येच होना था." मी तिला डबीवरचं नाव मोठ्याने वाचायला लावलं. मला वाचता येत नाही, आणि मला चूक नको होती.

मग मी उपकेंद्राच्या पायरीवर बसले. नर्स म्हणाली, घरी जा अम्मा, गाडी येईल. मी म्हटलं, येऊ दे की, मी आहे. दुपारी आली. ड्रायव्हरने विचारलं, तुम्ही कशाला बसलात? म्हटलं, पहिल्या वेळी डबी एकटीच वाट पाहत बसली होती... म्हणून या वेळी सोबत.

शुक्रवारी रिपोर्ट आला. टीबीच आहे. शनिवारी गोळ्या सुरू झाल्या. आता घरातल्या सगळ्यांना तपासायचंय, पहिला नंबर भाऊजींचा. त्यांना शिकवावं लागणार नाही.

सोयरीकवाल्यांना सुमनने स्वतः फोन करून सांगितलं. विचार करून कळवतो म्हणालेत. करोत विचार... आमची मुलगी काही डबी नाही, परत पाठवायला.

लक्ष्मी, तिसऱ्यांदा आलीस आणि कपाळाला आठी नाही घातलीस, ते मी विसरणार नाही. आणि बाकीच्यांनो, घरात कुणी बाई दोन आठवडे पदराआड खोकत असेल तर तिला अंगणात उभी करा, आणि तुम्ही कानात बोटं घाला.

हे टाकण्याआधी सुमनला विचारलं, तुझं नाव लिहू का? म्हणाली, "लिहा. आणि अक्का, ते 'गिळ' म्हणाला होतात, तेही लिहा."

लिहिलं गं.