मागल्या दाराचं कुलूप

कुलूपदादा दार लोटण्याआधी बिजागरी ऐकायचा. किल्ली कुणाच्या हातात द्यायचा नाही, फळीवर ठेवायचा. काम जमलं की जीभ गालात फिरायची. नाही जमलं की कानशीला शिव्या. बायको म्हणायची, "त्या कानशीशीच लग्न लावायचं होतं, मला कशाला आणलंत?"

बंदरावरचा परक्या सरकारचा झेंडा पोरांनी उतरवला आणि शहरभर धरपकड झाली. त्यात त्याचा भाचाही सापडला. सगळ्यांना समुद्रापलीकडच्या तुरुंगात धाडायचं ठरलं. नेमकं तेव्हाच इथल्या तुरुंगाच्या मागल्या दाराचं कुलूप बिघडलं. दादाला बोलावणं आलं.

भाच्याची आई, दादाची धाकटी बहीण, धावत आली. "दादा, आतली स्प्रिंग ढिली ठेव. पहारेकरी जेवायला बसले की पोरं हिसका देतील. एवढं एकच कर."

"बिघडवायला काय अक्कल लागते?" तो म्हणाला. "झालं समज."

तुरुंगात जेलर शेजारी उभा होता. त्याला कुलपातलं ओ की ठो कळत नव्हतं. दादाने गंज खरवडला, स्प्रिंग बसवली. जरा तिरकी वाटली, म्हणून सरळ केली. खाच घासली, तेल सोडलं, किल्ली फिरवली. खटका इतका सुरेख बसला की जीभ गालात गेली.

रस्त्यावर हात पुसताना तो थबकला. आपण काय करून आलो ते तेव्हा उमगलं. तो मागे वळला.

"काही राहिलं का?" शिपायाने हटकलं.

"नाही," दादा म्हणाला. "काही नाही राहिलं."

दुपारी मागल्या दारावर धडका ऐकू आल्या. बराच वेळ. मग शिट्ट्या.

भाचा समुद्रापलीकडेच तापाने गेला. पुढे राज्यही गेलं. नाक्यावरचा न्हावी म्हणायचा, "साहेब हलले, पण दादाचं कुलूप हललं नाही!" लोक हसायचे. दादाही हसायचा, खाली बघून.

बहिणीने एकदाच विचारलं, "जेलर बघत होता, म्हणूनच ना रे?"

तो "हो" म्हणाला.

तिने पोराची पत्र्याची पेटी पुढे ठेवली. किल्ली त्याच्याबरोबर गेली होती. "उघडून दे. त्याचा एखादा सदरा असेल आत."

असल्या पेट्या दादा गप्पा मारता मारता उघडायचा. त्याने तार आत घातली, अर्धी फिरवली. "उद्या बघतो," म्हणाला.

दादा वारल्यावर दुकान आवरलं, तेव्हा पेटी फळीखाली होती. तार तशीच आत, अर्धी फिरवलेली.