लाल दोऱ्याचं पान

शांताआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात बसून गंगापूरला न्यायच्या सामानाची यादी करत होते. तिच्या गोळ्या, तिची शाल, तिचा चष्मा...

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. गुलमंडीतल्या एका दुकानासाठी तिनं आयुष्यभर ब्लाउज शिवले आणि म्हातारपणी क्रांती चौकाजवळच्या आमच्या घरी आली ती शिलाई मशीन आणि बायबल घेऊन. रविवारी चर्चमध्ये पाळकांचं प्रवचन ऐकायची, पण घरी आल्यावर तोच भाग पुन्हा स्वतः वाचायची. "त्यांना कळलं ते त्यांनी सांगितलं. मला काय कळतंय ते मलाच बघाय पाहिजे ना?" अडेल त्या पानात ती शिवणाचा दोरा ठेवायची, उलगडलं की काढून टाकायची. मी तिला वर्षभरात बायबल वाचून संपवायचं वेळापत्रक करून दिलं, तर हसत सुटली. "अगं बाई, मला काय बोर्डाची परीक्षा द्यायचीय व्हय?" त्या कागदावर पुढं मशीनचं तेल गळत राहिलं.

एक लाल दोरा मात्र वर्षानुवर्षं हलला नाही. ते दोन मुलांच्या गोष्टीचं पान. धाकटा घर सोडून सगळं उधळून परततो, बाप मेजवानी घालतो आणि घरी राबलेला थोरला रुसून बाहेर उभा राहतो. आमच्याकडं हेच घडलं होतं. आजोबांचं आजारपण आत्यानं काढलं. परागंदा झालेला तिचा धाकटा भाऊ, दाविदकाका, परतला आणि आजोबांनी गंगापूरचं शेत त्याच्या हाती दिलं. तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. बापाचं मन बघा, असं पाळक सांगायचे. "बापाचं असंल मोठं. थोरल्याचं कोण बघणार?" असं म्हणून ती पान मिटायची.

गेल्या नाताळानंतर एकदा मेथी निवडता निवडता तिनं विचारलं, "थोरला शेवटी आत गेला का गं?"

"गेला असेल की."

"लिहिलंच नाय. पुढचं पान बघितलं, तिथं दुसरीच गोष्ट. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो अन् तिथंच संपतं... इतकी वर्षं मी बापावर चिडले. तो तर थोरल्यासाठीबी बाहेर आला होता." मग म्हणाली, "मला दाविदकडं घेऊन चल."

"मग काढ तो दोरा."

"जाऊन आल्यावर. नुसतं कळून काय करायचं?"

गंगापूर काही लांब नाही. पण मार्चअखेरची कामं होती, आणि मे महिन्यात काकाच्या नातीचं लग्न होतंच. एका खेपेत दोन्ही होईल, असं मी ठरवलं. "तुझ्या सोयीनं," आत्या म्हणाली. पुन्हा तिनं विषय काढला नाही... लग्नाच्याच आठवड्यात ती गेली.

लग्नघर सोडून काका मातीला आला, पण चपला न काढता उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "आक्काला चालंल का?" मी हात धरून त्याला आत आणलं. सगळं उरकल्यावर बायबल उघडून ते पान दाखवलं, सगळं सांगितलं. त्यानं त्या ओळींवरनं बोट फिरवलं. "ती बोलवंल म्हणून मी वाट बघत बसलो. मीच यायचं होतं." मी दोरा त्याच्यापुढं केला. त्यानं घेतला नाही.

आत्याच्या साड्या वाटून झाल्या, कपाट रिकामं झालं, बँकेचं कामही मिटलं. बायबल मशीनवरच आहे. दर शनिवारी धूळ पुसताना लाल दोऱ्याचं टोक फडक्यात अडकतं. मी ते सोडवते, आणि दोरा पुन्हा पानात सारते.